किलो सात, पण कुठले?

ताशी

ताकुझो मिझोगुचीला वेग अंगाने कळायचा. डोळ्यांनी नाही, कानांनीही नाही. अंगाने, आणि अंगातही नेमकं सांगायचं तर बैठकीने.

किरिहामाच्या छोट्या रेल्वेवर त्याचा जन्म गेला. तिथे नव्या ड्रायव्हरला शिकवताना वेगाच्या काट्यावर फडकं टाकतात आणि विचारतात, बोल, किती? ताकुझो डोळे मिटून "बेचाळीस" म्हणायचा. फडकं काढलं की काटा बेचाळीसवर मुकाट उभा. एकदा म्हणे तो एक्केचाळीसवर होता, पण ताकुझोने "बेचाळीस" म्हटल्यावर ओशाळून पुढे सरकला. ही गोष्ट ताकुझो स्वतःच सांगायचा, त्यामुळे साक्षीदार मिळत नाही.

निवृत्तीनंतर गाडी गेली, टोपी राहिली. ड्रायव्हरची ती काळी, सोनेरी पट्टीची टोपी घालून तो भाजी आणायला जायचा, दाताच्या डॉक्टरकडे जायचा आणि रोज सकाळी बाजारआळीतल्या निशिवाकीच्या सलूनमध्ये फुकटचा पेपर वाचायला जायचा.

"रस्त्याने सायकल गेली ना आत्ता," तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा. "ताशी चौदा किलो."

"बरं," निशिवाकी म्हणायचा.

"विश्वास नाही? एका किलोने जरी कधी चुकलो, तर ही टोपी तुमच्या खुंटीला टांगून बोडक्या डोक्याने घरी जाईन."

निशिवाकी खुंटीकडे बघायचा. खुंटी रिकामी होती. खुंटीला वाट बघायची सवय असते.

या निशिवाकीचे केस कंबरेला टेकायला आले होते. न्हाव्याचे. त्याचं कारण म्हणजे दर हिवाळ्यात होणारी गावची पट्ट्याची शर्यत. चौघांचा एक संघ. पहिल्याने खांद्यावरून तिरपा घातलेला पट्टा दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. ठरल्या वेळेत मागचा पोचला नाही, तर नाक्यावर, म्हणजे पट्टा बदलायच्या जागी, बंदुकीचा बार काढतात आणि पुढच्याला कोरा पांढरा पट्टा घालून सोडून देतात. आपला पट्टा मागे कुठेतरी घाम पुसत येत असतो. बाजारआळीचा लाल पट्टा निशिवाकीच्या वडिलांच्या वेळचा, आणि तो लागोपाठ तीन वर्षं असा तुटला होता. पट्टा अखंड पोचेपर्यंत केसांना कात्री लावणार नाही, असं निशिवाकी पहिल्या वर्षी रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून बसला. आता गिऱ्हाइकं दार उघडायची, आत उभा असलेला न्हावी बघायची आणि चुकून आलो म्हणून परत जायची.

यंदा संघात एक जागा रिकामी होती. ताकुझोने पेपर खाली ठेवला.

"आमची फुमिए धावेल."

फुमिए, ताकुझोची बायको. वय एकसष्ट. तिला हे त्या दिवशी संध्याकाळी जेवताना कळलं.

किलोमागे

इथे कथा जरा बाजूला उभी करू, कारण पुढे लोक बोलतील ते वाचकाला कळलं पाहिजे. त्यांचं त्यांना कळलं नाही, ते ठीक आहे.

किरिहामात "किलो" हा शब्द सगळ्याला चालतो. तांदूळ किलोने, रस्ता किलोने आणि वेगही किलोने. ड्रायव्हर "सात किलो" म्हणाला, तर तासाला सात किलोमीटर. पण धावणारी माणसं "किलो सात" म्हणतात, तेव्हा एका किलोमीटरला सात मिनिटं. ड्रायव्हरचा आकडा वाढला की वेग वाढतो. धावणाऱ्याचा आकडा वाढला की माणूस दमला.

सूत्र सोपं आहे. साठाला एकाने भागा, दुसरा मिळतो. पण भागायला मुळात दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे माहीत असावं लागतं, आणि ताकुझो कशालाच भागत नसे. तो बसून ओळखायचा.

"वहिनी सातने आल्या की पुरे," निशिवाकीने सांगितलं होतं. "किलो सात."

ताकुझोने बायकोला नगरपालिकेच्या व्यायामशाळेत नेलं, ट्रेडमिलवर उभं केलं, आठवडाभर पाच आणि मग सात लावलं. आकड्यांवर त्याने फुमिएचा टॉवेल टाकला.

"हे कशाला?" फुमिएने विचारलं.

"खऱ्या शिक्षणाची हीच पद्धत आहे. मला आकडा लागत नाही. मशीनच्या पट्ट्याच्या थरथरीवरून कळतं."

शेजारी घडीची खुर्ची टाकून तो बसला आणि त्याने पेपर उघडला. रोज असंच. ती धावायची, तो थरथरीकडे लक्ष ठेवायचा, डोळे मिटून.

महिनाभराने सलूनमध्ये बोलणं निघालं. ते जसं झालं तसं देतो.

"काय ड्रायव्हरसाहेब, वहिनी कितीने धावतात?"

"सुरुवातीला पाचने धावायची."

निशिवाकीच्या हातातला कंगवा पडला. "पाच? सुरुवातीलाच?"

"पाच म्हणजे अगदी चालल्यासारखं हो. घामसुद्धा नाही. आता सातवर आणलंय."

"पाच जमत असताना सातवर कशाला आणलंत?"

"प्रगती नको का? पुढच्या महिन्यात आठ."

"आठ? अहो, त्यांचं काही दुखतंय का?"

"छे. झेपलं तर दहा करीन."

"दहाने तर आमची आई टोफू आणायला जाते."

ताकुझोने खिडकीबाहेर पाहिलं. निशिवाकीची चौऱ्याऐंशी वर्षांची आई काठी टेकत रस्ता ओलांडत होती. "दहाने?" त्याने हळूच विचारलं.

"गुडघे बरे असले तर."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी साडेपाच. जीव काढला तर पाच," निशिवाकी खाली मान घालून म्हणाला. वहिनींच्या आकड्यापुढे हे सांगायला त्याला लाज वाटत होती.

ताकुझोने त्याच्या पाठीवर थोपटलं. "होईल. हळूहळू होईल."

आता तेच बोलणं आतल्या बाजूने.

निशिवाकीच्या डोक्यात: एकसष्ट वर्षांची बाई, किलोमीटरला पाच मिनिटं, घाम नाही. नवरा तिला मुद्दाम मागे ओढतोय, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना पत्ता लागू नये. हा माणूस वेडा नाही, मुरलेला आहे.

ताकुझोच्या डोक्यात: हा केसाळ मनुष्य ताशी पाचने धावतो आणि त्याला जीव काढणं म्हणतो. तीन वर्षं पट्टा का तुटला ते कळलं. पण त्याची आई, त्याची आई काय चीज आहे!

त्या दिवसापासून रस्त्यात निशिवाकीची आई दिसली की ताकुझो टोपी काढून कमरेत वाकायचा. म्हातारीला वाटलं, हा आता जाणार बहुतेक. ती घरून त्याच्यासाठी मुळ्याचं लोणचं पाठवू लागली.

आणि निशिवाकीने दुसरा टप्पा, सगळ्यात लांब, नेहमी तो स्वतः धावायचा तो, फुमिएला देऊन टाकला. पाच किलोमीटर. चार किलोमीटरवर रेल्वेचं फाटक. स्वतः त्याने तिसरा टप्पा घेतला आणि आयोजकांकडे नावं देऊन मोकळा झाला.

वजनी

त्या बोलण्याच्या वेळी सलूनमध्ये तिसरं माणूस होतं. टोफूवाल्या हामुरोकाकू. संघातला पहिला टप्पा त्यांचा. त्या दारात टोफूचा डबा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना एवढंच ऐकू आलं: फुमिए, आधी पाच किलो, आता सात, पुढच्या महिन्यात आठ, झेपलं तर दहा. घामसुद्धा नाही.

हामुरोकाकू रोज सोयाबीन तोलतात. त्यांच्या लेखी किलो एकच.

"फुमिए," त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला गाठलं, "सात किलो उतरवलंस आणि दिसतही नाही गं कुठे."

"काय उतरवलं?"

"राहू दे. नसेल सांगायचं तर नको सांगूस."

दुखावलेल्या काकूंनी घरी जाऊन भात सोडला. मग नूडल्स सोडल्या. शर्यतीच्या आठवड्यात त्या गरम पाण्यात कोबीचं पान बुडवून ते पाणी पीत होत्या. वजन उतरलं की नाही कोण जाणे, पण दुकानात टोफूची वडी उचलताना त्यांचे हात टोफूसारखेच हलू लागले.

भागिले

शर्यतीच्या सकाळी ऊन पडलं होतं. काकू पहिल्या टप्प्यावर धावत होत्या, फुमिए पहिल्या नाक्यावर लाल पट्ट्याची वाट बघत उभी होती. तिच्या मनगटावर नवं घड्याळ होतं, मुलीने, चिनामीने, अमेरिकेहून पाठवलेलं, त्याच दिवशी पहिल्यांदा बांधलेलं. ठरावीक अंतर झालं की ते टुणटुण वाजून मिनिटं दाखवतं.

"त्याची काय गरज," ताकुझो सकाळी म्हणाला होता. "मी आहे ना."

मी आहे ना म्हणणारा आत्ता दुसऱ्या नाक्यावर निशिवाकीबरोबर उभा होता. निशिवाकीने केसांचा अंबाडा बांधून त्यात कंगवा खोचला होता.

"वहिनी पाचने आल्या," तो खुशीत म्हणाला, "तर मला चहा प्यायला वेळ आहे."

"पाचने?" ताकुझो हसला. "पाचने आली तर तास लागेल. ती सातने येईल."

"पाचने पाच किलोमीटरला तास कसा लागेल? पंचवीस मिनिटं."

"पाच किलो, पाचने. एक तास."

"पाच गुणिले पाच, पंचवीस."

"पाच भागिले पाच, एक."

निशिवाकीने अंबाड्यातला कंगवा काढला आणि त्याच्या टोकाने वाळूत एक रेघ ओढली. वर मिनिटं लिहिली, खाली किलोमीटर. ताकुझोने तोच कंगवा घेऊन शेजारी वर किलोमीटर लिहिलं, खाली तास. मग दोघांनीही वाकून एकमेकांची रेघ वाचली. निशिवाकीचा अंबाडा सुटला.

"म्हणजे तुमच्या आई," ताकुझो म्हणाला, "ताशी सहाने..."

"आईला सोडा. वहिनींचे सात म्हणजे माझे किती?"

ताकुझोने साठाला सातने भागलं. आयुष्यात पहिल्यांदा. "आठ पूर्णांक सत्तावन्न. म्हणजे आठ मिनिटं सत्तावन्न सेकंद."

हेही चूक होतं. मिनिटाचे शंभर भाग होत नाहीत, साठ होतात, खरा आकडा साडेआठ मिनिटांच्या जरासा पुढे. पण आता चुकांची इतकी गर्दी झाली होती की हिला कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला. बाजारआळीच्या हामुरो यांना वाटेत चक्कर आली होती, त्यांनी एका घराच्या पायरीवर बसून वाटीभर भात खाल्ला होता आणि पट्टा आत्ता कुठे फुमिएला दिला होता.

ताकुझोने खिशातलं रेल्वेचं घड्याळ काढलं. दहा वाजून दहा मिनिटं.

फाटकावरून दहा चाळीसची गाडी जाते, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ती त्याने स्वतः वर्षानुवर्षं नेली होती. तिच्या पाठोपाठ समोरून दुसरी येते आणि दोन्ही निघून जाईपर्यंत फाटक उघडत नाही. फाटक पडलं की नाक्यावर बार झालाच. फुमिए ताशी सातने आली तर फाटकावर गाडीनंतर पोचणार होती.

निशिवाकीने केस एका हातात धरले, गायीचं दावं धरावं तसे. ते ताकुझोला बघवेना.

सेकंदी

स्टेशन नाक्यापासून जवळ होतं. दहा चाळीसच्या गाडीवर सुगाया होता, ताकुझोच्याच हाताखाली शिकलेला. पांढरे हातमोजे घालून तो फलाटावर उभा होता.

"सुगाया, गाडी पाच-सात मिनिटं थांबव."

"कारण, गुरुजी?"

"माझी बायको."

सुगायाने विचार केला. "नियमांत बायको नाही, गुरुजी."

"अरे, मीच शिकवलेत तुला नियम."

"म्हणूनच पाठ आहेत." सुगायाने बोट ताठ करून सिग्नलकडे रोखलं आणि मोठ्याने म्हणाला, "सिग्नल हिरवा!" मग बोट घड्याळाकडे रोखलं. "वेळ बरोबर!" आवाज, कोपर, बोट, सगळं जसं शिकवलं तसं. एवढा उत्तम विद्यार्थी आपण का घडवला, असा प्रश्न ताकुझोला पडला.

मग तो स्टेशनचा पूल उतरून रुळांच्या पलीकडच्या, फुमिए येणार त्या बाजूने फाटकाकडे धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस, बूट चामड्याचे, एक हात टोपीवर. किती वेगाने, ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं.

तो पोचला आणि घंटा सुरू झाली. दांडे खाली येऊ लागले. ताकुझोने डावीकडे रस्ता पाहिला, फुमिए नव्हती. नगरपालिकेच्या संघातला एक तरुण कारकून तेवढा धापा टाकत येत होता. तोही दांड्यापाशी थांबला.

"मागे एक बाई आहेत का?" ताकुझोने विचारलं. "लाल पट्टा, हळू धावणाऱ्या?"

"लाल पट्ट्याच्या बाई?" कारकुनाने गुडघ्यांवर हात टेकले. "त्या मला मघाशीच मागे टाकून गेल्या, काका. रडत होत्या, पण काय धावत होत्या."

ताकुझोने रुळांपलीकडे पाहिलं. लांब, वळणाशी, काहीतरी लाल हललं. तेवढ्यात दहा चाळीसची आडवी आली. सुगायाने काचेतून सलाम ठोकला. गाडी गेली, समोरून दुसरी आली, सावकाश, एकेक डबा मोजून दाखवल्यासारखी. आणि तिच्या खडखडाटात पलीकडून बंदुकीचा बार ऐकू आला.

"हा पांढऱ्या पट्ट्याचा," कारकून म्हणाला आणि दांड्यावरच बसला.

बार फुमिए पोचण्याआधी झाला की नंतर? आयुष्यभर लोकांना वेळेवर पोचवलेला माणूस फाटकाच्या चुकीच्या बाजूला उभा होता आणि त्याला काहीही माहीत नव्हतं.

मैल

फाटक उघडल्यावर तो उरलेलं अंतर टोपी हातात घेऊन चालत गेला. नाक्यावर निशिवाकी नव्हता. त्याची आई स्टुलावर बसून संत्रं सोलत होती, आणि शेजारी जमिनीवर फुमिए. डोळे सुजलेले.

"निशिवाकी कुठला पट्टा घालून गेला?" ताकुझोने विचारलं.

"मला रागावू नका हो," फुमिए म्हणाली. "मी फार वाईट धावले. सकाळी निशिवाकी म्हणाले होते, वहिनी, सातच्या आत राहा. पहिल्या किलोमीटरला टुणटुण वाजलं, बघते तर अकरा. अकरा मिनिटं! म्हटलं, आता फाटकही चुकतंय आणि पट्टाही. मग जीव खाऊन पळाले. पुन्हा वाजलं, तर सव्वादहा. मला रडूच फुटलं. तिसऱ्यांदा तर नीट वाजलंसुद्धा नाही, मी आपली पळतेच आहे, पळतेच आहे, आणि नाका आला."

"पण पट्टा?"

"पट्टा दिला की. दिला, निशिवाकी पळाले, मी इथे बसले आणि मग मोठ्याने बार झाला. दचकलेच मी. पण अकरा हो, अकरा."

ताकुझोने तिचं मनगट हातात घेतलं. घड्याळात आकड्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती त्याने लांब धरून, जवळ धरून वाचली. चिनामी राहते त्या देशात रस्ते मैलात मोजतात. एक मैल म्हणजे दीड किलोमीटरच्याही वर. फुमिए किलोमीटरला अकरा मिनिटांनी नव्हे, सातच्या आत धावली होती, पहिल्या पावलापासून. आणि नंतर रडत रडत त्याहूनही जोरात.

निशिवाकीच्या आईने संत्र्याची फोड ताकुझोपुढे धरली. "खा रे. बस जरा. तुझं काही खरं दिसत नाही."

खुंटी

लाल पट्टा शेवटच्या रेघेपर्यंत अखंड पोचला. नंबर कितवा आला ते आळीत कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी सलूनमध्ये निशिवाकी स्वतःच्या खुर्चीत बसला होता आणि त्याची बायको कात्री चालवत होती. केस जमिनीवर पडत होते, एवढे, की हामुरोकाकूंना आधी वाटलं मांजर झोपलंय. काकूंच्या हातात भाताचा तिसरा वाडगा होता.

"मला एकच कळत नाही," निशिवाकी आरशातून म्हणाला. "वहिनी दोन महिने ताशी सातने सराव करत होत्या. मग आज पहिल्या मैलाला, घाबरायच्या आधीच, जवळजवळ नऊने कशा आल्या?"

"शिस्त," ताकुझो म्हणाला. "शिक्षणाची पद्धत."

फुमिए आपल्या वाडग्यात बघत होती. "सातवर मला झोप यायची," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"यांनी पेपर उघडला की मी टॉवेलखाली हात घालून नऊ करायची. थांबायच्या आधी परत सात."

कात्री थांबली.

"शक्य नाही," ताकुझो म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो. पट्ट्याची थरथर—"

"तुम्ही घोरत होतात हो."

हामुरोकाकूंनी भात चावायचाही थांबवला. आरशात निशिवाकीचे डोळे हळूच ताकुझोच्या डोक्याकडे गेले, तिथून खुंटीकडे गेले आणि सभ्यपणे खाली वळले. सात आणि नऊमध्ये एक किलो नव्हे, दोन किलो असतात.

ताकुझो उठला. टोपी काढली, सोनेरी पट्टी बाहीने पुसली आणि खुंटीला टांगली. जरा वाकडी बसली, ती सरळ केली.

घरी जाताना त्याच्या डोक्याला वारा लागत होता. फुमिए शेजारून चालत होती, पायांत गोळे आल्यामुळे किंचित लंगडत. बरंच अंतर झाल्यावर तिने विचारलं, "अहो, आत्ता आपण किती वेगाने चाललोय?"

ताकुझोने सवयीने डोळे मिटले. मग उघडले. तोंडाशी आलेला आकडा त्याने आधी तासाला लावून बघितला, मग किलोमीटरला, मग मैलाला.

"सावकाश," तो म्हणाला.